नळीतलं पाणी

गाइडनं माझ्यासाठी काढलेला मास्क उन्हाकडे धरला, त्याच्या रबराच्या कडेवरून सावकाश अंगठा फिरवला, एका जागी थांबला आणि तो मास्क सरळ मागच्या टोपलीत टाकून दिला. "ये नहीं चलेगा, दीदी. किनारा फटा है. आँख में पानी जाएगा." मग त्यानं दुसरा काढला, त्याच्यावरूनही अंगठा फिरवला, आणि तो पास झाला. एवढंच झालं. बोटीवर आमच्यासारखी दहा-बारा कुटुंबं होती, पोरं किंचाळून राह्यली होती, बायका एकमेकींचे नारिंगी जॅकेट ओढून हसत होत्या, कोणाचं लक्षही गेलं नाही. मी मात्र त्या टोपलीतल्या मास्ककडे पाहत राह्यले. नुसत्या खाऱ्या पाण्यासाठी हा माणूस एवढं पाहून घेते, असं मनात आलं आणि ते मग निघेचना. गाइड पन्नाशीचा असेल, टक्कल पडलेला, उन्हानं काळा झालेला. त्यानं सांगितलं की काचेवर आतून थुंकी लावायची आणि पुसायची, म्हणजे वाफ धरत नाही. मी जन्मात कधी चारचौघांत थुंकले नव्हते. अनघानं, माझ्या पोरीनं, पटकन थू करून बोटानं पुसून घेतलं आणि म्हणाली, आई, काय लाजून राह्यली, इथे यवतमाळचं कोण आहे. आता बोटीवरचे सगळे यवतमाळचेच होते, ही गोष्ट तिच्या लक्षात आली तेव्हा ती स्वतःच हसत सुटली. मी पण हसले. हसताना गाल दुखले, आणि मला जाणवलं की मी किती थकून गेले आहे.

यवतमाळचे, वणीचे, राळेगावचे, केळापूरकडचे, सगळे कृषी केंद्रवाले. अंदमानची ही सहल कंपनीची. बोटीच्या कठड्याला कंपनीचं बॅनर बांधलेलं होतं, त्यावर पांढरंशुभ्र फुटलेलं बोंड आणि शेजारी फवारणीच्या औषधाची बाटली, आणि ते बॅनर समुद्राच्या वाऱ्यानं फडफड करून राह्यलं होतं. पोळ्याच्या आत ठरलेला माल उचलला की दुकानदाराला सहकुटुंब सहल, अशी स्कीम दरवर्षी असते. एका साली आम्ही थोडक्यात राहिलो तर घरी पंखा आला होता. आमच्या घराण्यात दुकान कोणी केलं नव्हतं. सासरे कोर्टात कारकून, आजेसासरे तहसिलीत. नंदकिशोर, म्हणजे आमचे हे, नोकरीच्या परीक्षांना बसून बसून कंटाळले आणि बी-बियाण्यांच्या दुकानात शिरले, आणि सासऱ्यांनी मरेपर्यंत लोकांना "मुलगा शेतकी खात्याशी संबंधित आहे" असंच सांगितलं. यांना दुकान जमलं मात्र छान. स्वभावानं बोलके, गिऱ्हाइकाला बसवून चहा पाजणारे, पंप उघडून दाखवणारे. खेड्यावरचे लोक यांना भाऊ म्हणतात, आणि भाऊनं सांगितलं म्हणजे झालं. यंदा कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. असं पीक कोणी पाह्यलं नव्हतं, नुसती पानंच पानं, आणि अळी. लोक यायचे, बाटल्या घेऊन जायचे, आठवड्यानं पुन्हा यायचे. खाली उभं राहून वर फवारायचं, आणि वरचं सगळं खाली तोंडावर. आमचा माल पोळ्याच्या पुष्कळ आधीच उचलला गेला. हे घरी पेढे घेऊन आले होते. मी ते पेढे देवापुढं ठेवले, हेही मला आठवते.

पांढरकवड्याच्या कोकिळाबाई माझ्याजवळ सरकल्या आणि त्यांनी चिवड्याचा डबा पुढं केला. बाई फार चांगल्या. काल जेट्टीवर माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं होतं, बरं नाही का वाटत? मी म्हटलं, बोट लागते. बोट नव्हती लागत. आज तिकडं नागपूरच्या दवाखान्यात प्रेमच्या डोळ्यांची पट्टी सोडणार होते. सकाळी डॉक्टर येतील तेव्हा, असं संगीता म्हणाली होती. संगीता त्याची बायको, पोटुशी आहे. आणि इथे आमच्या दोघांचेही फोन नुसत्या विटा झाले होते, आमच्या सिमची रेंज या बेटांवर धरतच नव्हती. म्हणजे पट्टी सुटली असेल की नाही, दिसलं असेल की नाही, हे काहीच कळत नव्हतं. समोर नुसतं निळंशार पाणी.

प्रेम बिजलीबाईचा मुलगा. बिजलीबाई राळेगावकडच्या तांड्यावरची. माझं लग्न झालं तेव्हापासून ती आमच्याकडे येते, आधी सासूबाईंकडे तूप घेऊन यायची, मग दिवाळीच्या साफसफाईला, मग नुसतीच. माझ्या अनघाच्या वेळी मला बाळंतपणात तिनंच अंगाला लावलं. प्रेम तेव्हा एवढासा, ओट्यावर बसून भाकर खायचा आणि तिला याडी, याडी म्हणून हाका मारायचा. आमच्या अनघालाही काही दिवस तिला याडी म्हणायची सवय लागली होती. मोठा झाल्यावर तो फवारणीची कामं रोजानं घेऊ लागला. पावसाळ्यात दुकानात आला, नवा पंप घ्यायला, बॅटरीवरचा. मी चहा घेऊन खाली गेले होते. यांनी दुकानापुढं बादलीत साधं पाणी घेऊन पंप चालवून दाखवला. पाणी येईना, नोझल अडकलं होतं. यांनी ते काढलं, तोंडाला लावलं, गाल फुगवून फू केलं, पुन्हा बसवलं. धार आली. "असं कर," प्रेमला म्हणाले, "सुई शोधत बसू नको." त्यात काय एवढं. आमच्याकडे सगळेच असं करतात. स्टोव्हचं बर्नर असो, सायकलचा व्हॉल्व्ह असो, अडकलं की तोंडाला लावायचं आणि फुंकायचं. माझे वडील करत, मी करते. प्रेमनं तिथंच करून पाह्यलं. गाल फुगवून त्यानं फुंकलं तेव्हा तो लहानपणीसारखाच दिसला. मी त्याला म्हटलंसुद्धा की अजून तसाच आहेस रे. तो लाजला.

"डॉल्फिन, डॉल्फिन," असं कोणीतरी ओरडलं आणि बोट एका बाजूला कलली. सगळे उठले. गाइडनं ओरडून निम्म्यांना परत बसवलं. पाण्यातून काळी पाठ वर आली, चकाकली, गेली. पुन्हा दोन. मग एक पिल्लू आईच्या अगदी अंगालगत. अनघानं माझा दंड इतका आवळला की वळ उठला. ती आठवीत आहे, आजकाल मला जवळ येऊ देत नाही, पण त्या क्षणी बिलगली. कंपनीचे साहेब मोबाइल काढून म्हणत होते, एकदा सगळे मिळून घोषणा द्या, व्हिडिओ हेड ऑफिसला जाईल. लोकांनी दिली. यांनी पण दिली, हात वर करून. मी यांच्या तोंडाकडे पाहून राह्यले होते. प्रेमला दवाखान्यात नेल्यापासून दीड महिन्यात या माणसाचं खाणं निम्म्यावर आलं होतं, आणि घोषणा मात्र चांगली खणखणीत दिली. मला राग आला. मग वाटलं, मी तरी इथेच बसले आहे ना जॅकेट घालून.

कारण भांडण झालं होतं, आणि मी हरले होते. मी म्हणत होते, पट्टी सुटेपर्यंत थांबू, सहल काही पळून जात नाही. हे म्हणाले, तिकिटं कंपनीनं काढली आहेत, पोरीला सांगून बसलो आहे, आणि आपण थांबून त्याला दिसणार आहे का? ते खोटं नव्हतं, म्हणून तर मी बॅग भरली. मी दोनदा नागपूरला जाऊन आले, हे एकदाही आले नाहीत. दुकान सोडता येत नाही म्हणाले. प्रेमचा फोन आला तर मला इशारा करून सांगायचे, बाहेर गेलो म्हण. बोलणाऱ्या माणसाला बोलता येईना. एकदा फक्त चिडून म्हणाले की लेबलवर सगळं लिहिलेलं असते, तोंड लावू नका म्हणून चित्रसुद्धा काढलेलं असते. मी काय बोलणार, माळ्यावर खोकं आहे हे मलाही माहीत होतं. कंपनी हंगामाला मालासोबत पाठवते, रबरी हातमोजे, तोंडावर बांधायचे मास्क, प्लॅस्टिकचे मोठे चष्मे. सुरुवातीला हे द्यायचे, लोक घ्यायचे नाहीत, या उन्हात गुदमरते म्हणायचे, ते काही खोटं नाही. मग यांनी देणं सोडलं. हातमोजे अनघाच्या मैत्रिणींनी होळीला नेले. चष्मे तसेच आहेत, दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या शेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत. यंदा कंदील काढायला मी माळ्यावर चढले आणि ती पिशवी हाताला लागली. मी तिथंच खूप वेळ बसून राह्यले, खालून अनघा हाका मारत होती.

गाइडनं आम्हाला तीन-तीन जणांना पाण्यात उतरवलं. सगळ्यांनी एक टायर धरायचा, गाइड तो ओढत नेणार. नाक मास्कमध्ये बंद, तोंडात नळी, तोंडानंच श्वास घ्यायचा. नळीत पाणी आलं तर घाबरून काढायची नाही, तोंडातच ठेवून जोरात फुंकायचं, पाणी वरून निघून जाते, हे त्यानं तीनतीनदा बजावलं. मी डोकं पाण्यात घातलं. आधी फक्त माझा स्वतःचाच श्वास ऐकू आला, मोठा, घोंघावणारा, दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा. आयसीयूच्या दारातून मी प्रेमच्या श्वासाचा असाच आवाज ऐकला होता. मग खाली पाह्यलं. काय सांगू. पिवळे मासे, निळे मासे, काळ्या पट्ट्यांचे, एवढे एवढे, आणि खाली झाडंच झाडं दगडांची, जांभळी, कथ्थई. ऊन पाण्यातून खाली जाऊन वाळूवर हलत होतं. एक कासव आलं, जुनाट तोंडाचं, आमच्याकडं न पाहता निघून गेलं. मला फार आनंद झाला. तो झाला हे मी कबूल करते, आणि त्याच्याच मागोमाग मला इतकं वाईट वाटलं की मास्कच्या आत डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायला हात आत जाईना. काच स्वच्छ होती. कडेचं रबर घट्ट होतं. बाहेरचं एक थेंब पाणी आत येत नव्हतं. जे होतं ते माझंच होतं.

मी वर आले तेव्हा यांची पाळी होती. यांना पोहता येत नाही, पण पोरीसमोर नाही कसं म्हणणार. टायर धरून उतरले, डोकं घातलं, लगेच वर काढलं. नळीत पाणी गेलं होतं. गाइड म्हणत होता, मुँह में रखो, फूंको, निकालना नहीं. यांनी मास्क कपाळावर सारला. नळी तोंडातून काढली. उलटी केली. वरचं टोक तोंडाला लावलं, गाल फुगवले. मी बोटीच्या कठड्याला धरून उभी होते आणि मला कळलं की आता काय होणार. यांनी फू केलं. ती नळी वाकडी, तोंडात धरायचं टोक वर वळलेलं, त्यातून सगळं पाणी उसळून यांच्याच उघड्या डोळ्यांत गेलं.

फार काही झालं नाही म्हणा. समुद्राचं पाणी. पण हे ओरडले. मोठ्या माणसानं असं ओरडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. गाइडनं यांना काखेत धरून शिडीवरून वर ओढलं, फळीवर बसवलं, यांचे दोन्ही हात पकडून मांडीवर दाबून धरले. "मलना मत. बिलकुल मलना मत." मग पिण्याच्या पाण्याची बाटली उघडून, एका हातानं पापणी वर धरून, त्यानं डोळ्यांत पाणी सोडलं, सावकाश, नाकाकडून कानाकडे. बाटली संपली तर दुसरी मागितली. कोकिळाबाईंनी आपली दिली, साहेबांनी आपली दिली, अनघानं शाळेची बाटली आणली होती ती दिली. सगळं गोडं पाणी यांच्या डोळ्यांवरून वाहून बोटीच्या तळाला गेलं. कोणी म्हटलं नाही की आता प्यायला काय. गाइड म्हणाला, बस, अब खोलो. यांनी डोळे उघडले नाहीत.

तसेच मिटून बसले. बोट वळली, परत निघाली, बॅनर पुन्हा फडफडायला लागलं. लोक हळूहळू बोलायला लागले, कोणीतरी चिवडा काढला. मी यांच्या शेजारी बसले होते. मला वाटलं जळजळत असेल. बऱ्याच वेळानं यांनी तोंड माझ्याकडं वळवलं, डोळे मिटलेलेच.

"शोभा, प्रेमचे डोळे कोणी धुतले होते का?"

एवढ्या दिवसांत यांनी मला पहिल्यांदा विचारलं होतं. मला सगळं माहीत होतं, संगीतानं दवाखान्याच्या जिन्यात बसून सांगितलं होतं. प्रेमच्या पाठीवर पंप चालूच होता, नोझल अडकलं, त्यानं ते काढून तोंडाला लावलं, आणि फुंकेपर्यंत नळीतलं सगळं औषध तोंडावर उडालं. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्यानं डोळे पुसले, आणि तो दुपट्टा सकाळपासून त्याच फवाऱ्यात भिजलेला.

"पाणी नव्हतं," मी म्हटलं. "कॅनमधलं औषधात ओतलं होतं. विहीर लांब. बिजलीबाईनं पदराला फुंकर मारून मारून शेकले."

यांच्या गालावरून पाणी उतरत होतं, ते बाटलीतलं की कुठलं, मी विचारलं नाही. डाव्या हाताला पुन्हा डॉल्फिन आले. अनघा हळूच म्हणाली, बाबा, उघडा ना, खूप जवळ आहेत. यांनी मान हलवली, नाही म्हणून. तिनं माझ्याकडे पाह्यलं. मी तिला म्हटलं, तू पाहून घे, यांना राहू दे. आणि मी यांचा हात धरला. दीड महिना मी या माणसाचा मनातल्या मनात राग राग केला होता, तो गेला असं मी म्हणणार नाही. पण त्या वेळी मला यांची कीव आली, आणि नवरा म्हणून नाही, एखाद्या चुकलेल्या पोराची यावी तशी.

जेट्टीवर उतरल्यावर मी गाइडला विचारलं, तुमचा फोन लागतो का? त्यानं काही न विचारता फोनचं लॉक काढून तो हातात दिला. संगीताचा नंबर मला पाठ झाला होता. फोन बिजलीबाईनं उचलला. तिचा आवाज नेहमीसारखाच मोठा, तांड्यावरून हाक मारल्यासारखा, सगळ्यांना ऐकू जात होता. म्हणाली की पट्टी सोडली बाई, डावा गेला. उजव्यानं बोटं मोजली त्यानं, डाक्टरची बोटं, बरोबर मोजली. मी रडायला लागले. मग ती म्हणाली, रडू नको. पोरगा गुणाचाच हाय, भाऊनं शिकवलं तसंच केलं त्यानं, हे मी डाक्टरलेबी सांगतलं. ती तक्रार करत नव्हती. देवाशपथ सांगते, ती मुलाची बाजू घेऊन बोलत होती. हे माझ्या शेजारी उभे होते आणि यांनी ते सगळं ऐकलं. लाल झालेले डोळे यांनी आता उघडले होते, पण बारीक करून, पायाखालच्या फळ्यांकडे पाहत.

"याडी, भाऊ हाय का तिथं? दे मले," फोनमध्ये मागून प्रेमचा आवाज आला. मी यांच्याकडे पाह्यलं. मला वाटलं आता हे खूण करतील, बाहेर गेलो म्हण. यांनी हात पुढं केला आणि फोन घेतला. मी कान देऊन यांना खेटून उभी राह्यले.

"भाऊ, समुंदर पाह्यला का? कसा असते?"

यांनी समुद्राकडे पाठ फिरवली. "नाही पाह्यला रे. डोळ्यात पाणी गेलतं माह्या."

वॉर्डातली कुठलीतरी ट्रॉली ऐकू आली. मग प्रेमनं विचारलं, घाईघाईनं, अगदी खालच्या आवाजात. "कोणतं पाणी, भाऊ?"

"साधं. खारं पाणी."

"मग काही नाही होत," तो म्हणाला. "पण चोळू नका, भाऊ. मी चोळलेते."

यांचा हात डोळ्याकडे निघालेला होता. तो मध्येच थांबला, आणि हे तसेच, फोन कानाला लावून, हात वर धरून उभे राह्यले.